उशीतला वास

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी आधी थोरलीला साडी दिली, मग मला. थोरली म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. ती बाळंतपणात गेली होती. तिचा चांदीचा टाक करून घेतलेला होता, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. माझ्या साडीची घडी आधी त्या टाकाला टेकवली, हळदकुंकू वाहिलं, आणि मग टाक काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला. दुसरेपणावर दिलेल्या बाईला आमच्याकडे हे करावं लागतं. नवी साडी आली की आधी तिला दाखवायची, मग आपण नेसायची.

मला त्यात काही वाईट वाटलं नाही. माझे आईवडील ऊस तोडायला जायचे. चौथीनंतर मीही त्यांच्याबरोबर फडात गेले. नवी साडी मिळते आहे हेच मला पुष्कळ होतं. पण गळ्यात कुणीतरी आहे हे विसरता येत नाही. भाकरी थापायला वाकलं की टाक पुढं येतो आणि परातीला लागून वाजतो.

थोरलीची एक मुलगी होती. मी आले तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. सगळ्यांनी तिला सांगितलं, ही तुझी नवी आई. ती मला मावशी म्हणाली आणि तेच राहिलं. वेणी मी घालायचे, डबा मी भरायचे, पण झोपायची ती सासूबाईंपाशी. अंधार पडला की तिचा माझ्याशी काही संबंध उरायचा नाही. मीही कधी ये म्हणाले नाही. मला तसं बोलता येत नाही.

ती दुसरीत असताना कापसाच्या ट्रॉलीवरून पडली. वेचणी संपत आली होती. ट्रॅक्टरची ट्रॉली कापसानं भरून मानवतच्या बाजाराला निघायची होती आणि गल्लीतली सगळी लेकरं वर चढून उड्या मारत होती. दरवर्षी मारतात. कापूस मऊ असतो म्हणून कुणी रागावत नाही. ती कापसावरून घसरली आणि बाहेरच्या बाजूला, दगडावर आली. मांडीचं हाड मोडलं.

परभणीच्या दवाखान्यात तिला घेतलं. पायाला पट्ट्या गुंडाळून दोरी बांधली, ती खाटेच्या पायथ्याच्या चाकावरून खाली सोडली आणि तिला वजन लटकावलं. डॉक्टर समजावून सांगणारे होते. म्हणाले, "लहान वय आहे, ऑपरेशनशिवाय जुळेल. पण तिनं निवांत पडून राहिलं पाहिजे. झोप नाही मिळाली तर लेकरू तळमळतं, अंग ओढतं आणि हाड जागचं हलतं. मग पाय आखूड राहू शकतो."

"झोपंची गोळी द्या की, साहेब," सासूबाई म्हणाल्या.

"लहान लेकराला रोज नाही देता येत, आजी."

"पोरीची जात हाय. पाय आखूड राह्यला तर उद्या कोण करून घेईल तिला?"

डॉक्टर म्हणाले, "म्हणून तर म्हणतोय, झोपू द्या."

तिच्यापाशी कोण राहणार हा प्रश्न आला. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना जिना चढवत नव्हता आणि वॉर्डात खाली फरशीवर निजावं लागे. आमच्या मालकांना कापूस आणि जनावरं सोडून राहता येईना. मग मी राहिले. ती आणि मी अशा दोघीच आम्ही तोवर कधी एका जागी राहिलोच नव्हतो.

पहिले दिवस दुखण्याच्या औषधाच्या गुंगीत गेले. मग ती गुंगी उतरली. दिवसा ठीक असायची, खिडकीतून रस्त्यावरचे ऑटो बघायची. दिवेलागणीला तिचं सुरू व्हायचं. आज्जी कवा येणार, हे काय वाजलं, ते लेकरू कामून रडायलंय. थोडं झोपायची, दचकून उठायची, उठताना पाय ओढायची आणि दुखून रडायची. मी नुसती तिच्या कपाळावर हात ठेवून बसायचे. गाणी मला येत होती, पण पंधरा खाटांच्या वॉर्डात तोंड उघडायची लाज वाटायची.

त्या वॉर्डात संध्याकाळच्या पाळीला एक सिस्टर होत्या. तरुण, ठेंगण्या, बोलायला मोकळ्या. त्यांच्या खिशात एक छोटी तपकिरी बाटली असायची. औषधं वाटून झाली, मोठे दिवे घालवले की त्या प्रत्येक खाटेपाशी येऊन कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाकायच्या आणि बोळा उशीच्या कोपऱ्याला टाचणीनं नाही, चिकटपट्टीनं लावायच्या. डॉक्टरांना विचारून चाललं होतं ते. कुठल्या तरी शिबिरात शिकून आल्या होत्या. अंगाला लावायचं नाही, लेकराच्या हाती द्यायचं नाही, दम्याचं लेकरू असेल तर त्याच्या जवळपास नाही, असं त्या प्रत्येक आईला पुन्हा पुन्हा सांगत. दम लागणाऱ्या एका मुलाला त्यासाठी पलीकडच्या खोलीत खाट दिली होती.

आमच्या शेजारच्या खाटेवर चुडावा गावची एक बाई होती. तिच्या मुलाचा हात प्लास्टरमध्ये. ती फार बोलकी.

"सिस्टर, ह्यानं खरंच झोप लागती व्हय?"

"काही लेकरांना लागते, काहींना नाही. मन शांत होतं. औषध नाही हे."

"मंग आमच्या घरच्यांना एक थेंब द्या. रात्रभर घोरत्यात, मीच जागी."

"तुमच्यासाठी कापूस देते, कानात घालायला," सिस्टर म्हणाल्या. सगळा वॉर्ड हसला. मीही पदर तोंडाला लावून हसले.

सिस्टर आमच्या खाटेपाशी पहिल्यांदा आल्या त्या दिवशी सासूबाई आलेल्या होत्या. गावाकडून एसटीनं भाकरी आणि पिठलं घेऊन त्या दोन-तीन दिवसाआड यायच्या, जिन्यात बसत बसत वर चढायच्या. त्यांनी बाटलीकडं बघितलं आणि हात आडवा केला.

"नगं बाई. कसलं तेल ते, कुठलं ते. परक्या वासानं लेकरू बावचळतंय."

सिस्टर रागावल्या नाहीत. "बरं आजी. मग असं करा, तिला सवयीचा असेल असा घरचा वास आणा. तिचं पांघरूण, तुमचं जुनं लुगडं, काहीही. घरचा वास असला की लेकरांना घरी असल्यासारखं वाटतं."

हे सासूबाईंना पटलं. मलाही पटलं. आजही कुणी मला विचारलं तर मी हेच सांगेन की घरचा वास न्यावा.

पुढच्या खेपेला त्यांनी उशी आणली. हातभर, चपटी, नवी शिवलेली. आत आपल्याच शेतातला कापूस. त्या कापसात ओवा, बाळंतशेपा आणि वेखंडाचे तुकडे भाजून घातलेले, आणि वरून सगळी उशी शेगडीच्या धुरीवर धरलेली. आमच्याकडं बाळंतिणीच्या खोलीत अशी धुरी देतात. बाळाला, आईला, कपड्यांना तोच वास लागतो. लेकरू जन्मल्यावर त्याला दुधाच्या आधी तो वास कळत असेल. माझ्या पाठच्या भावंडांना मी तसंच हुंगलेलं आहे, म्हणून उशी हातात आली तेव्हा माझे डोळे भरून आले. मला वाटलं, आता ही झोपणार.

सासूबाईंनी स्वतः ती तिच्या मानेखाली सरकवली. "आता घरी हायस बग," म्हणाल्या. मग त्या शेवटच्या गाडीनं गेल्या.

त्या रात्रीपासून ती झोपायचीच थांबली.

रडायची नाही. हे मला जास्त अवघड गेलं. आधी रडायची, कुरकुरायची, आजीला बोलवायची. आता काहीच बोलायची नाही, डोळे उघडे ठेवून पडायची. इतर लेकरं एकेक करून निजायची, सिस्टरांच्या बोळ्यांचा मंद वास फिरायचा, आयाही फरशीवर आडव्या व्हायच्या. हिचे डोळे दाराकडं. मी म्हणायचे मिट, तर मिटायची आणि मी मान वळवली की उघडायची. थकून पापणी खाली आली की पूर्ण अंगाला झटका द्यायची आणि दोरी ताणली जाऊन वजन खाटेच्या लोखंडावर आपटायचं. तो आवाज ऐकला की मी उठून तिचा पाय बघायचे. हाड हललं असेल का आता.

एका संध्याकाळी तिनं नाक वर केलं, श्वास ओढला आणि हळूच म्हणाली, "मायची खोली आली."

मी म्हटलं, "कुठं?"

"हितं."

चुडाव्याच्या बाईनं ते ऐकलं. तिनं मुलाला कुशीत ओढलं. थोड्या वेळानं पाणी भरायला नळावर गेलो तेव्हा ती मला म्हणाली, "राग मानू नको बाई. पण तिला कोन तरी दिसायलंय. तुज्या गळ्यात हाय ते काय हाय?"

मी सांगितलं.

"ते दवाखान्यात आणायचं नस्तंय. हितं काय, सगळ्यांना वाट मोकळी. लेकराची ओढ वाईट असती, मेल्यावर बी सुटत न्हाई."

ती वाईट मनानं बोलली नव्हती. मुलाच्या काळजीनं बोलली. पण मी नळावरून परत आले ती दुसरीच होऊन आले. आता वाटायला लागलं की थोरली माझ्याबरोबरच इथं आली, माझ्या गळ्यात बसून, मीच तिला जिना चढवून आणली. मुलीवर वाकले की टाक लोंबून तिच्या तोंडापाशी जायचा आणि ती त्याच्याकडं बघायची. मला वाटायचं त्या दोघी बोलत आहेत. मी टाक पदराच्या आत खोचला. तो थंड लागायचा. काढून पिशवीत ठेवावा असं कितीदा मनात आलं, पण बांधलेला टाक आपल्या हातानं सोडायचा म्हणजे तिला घराबाहेर काढल्यासारखं. ती रागावली तर कुणावर रागावेल? राग काढायला जवळ लेकरूच होतं.

मी थोरलीला कधी बघितलेलं नाही. फोटोही नाही घरात. त्या दिवसांत मला ती वॉर्डाच्या दारात उभी दिसायची, पाठमोरी. प्रत्येक वेळी कुणाची तरी आई निघायची, बाटली भरायला चाललेली.

डॉक्टरांनी पायाचा फोटो काढून बघितला आणि माझ्याकडं नाराजीनं पाहिलं. हाड किंचित सरकलं होतं. म्हणाले, अजून बिघडलं नाही, पण असंच चाललं तर नांदेडला पाठवून ऑपरेशन करावं लागेल. मुलगी झोपत का नाही? मी टाक पदराच्या आत आणखी खोल खोचला.

पुढचं दुपारी झालं. चादरी बदलायला वॉर्डातल्या मावशी आल्या. पाय न हलवता चादर काढायची म्हणून त्यांनी उशी उचलून माझ्याकडं दिली. ती मी खिडकीत ठेवली, कारण दोन्ही हातांनी तिची कंबर धरायची होती. चादर घालून झाली. मावशी पुढच्या खाटेकडं गेल्या. मी बघितलं तर मुलगी झोपलेली. उशीशिवाय, मान वाकडी, तोंड उघडं. इतक्या दिवसांत मी तिला अशी झोपलेली बघितली नव्हती. मी श्वास धरून उभी राहिले. मग मला वाटलं मान अवघडेल, म्हणून उशी आणून अलगद तिच्या मानेखाली घातली.

तिनं लगेच डोळे उघडले. झोपेतून उठल्यासारखे नव्हेत ते. कुणी नाव घेऊन बोलावल्यासारखे.

मी उशी काढून घेतली. ती माझ्याकडं बघत राहिली.

"ह्याचा वास येतो का तुला?" मी विचारलं.

तिनं मान डोलावली.

"आवडत नाही?"

"उशी आली की मायची खोली येती."

मी खाली बसले, माझं तोंड तिच्या तोंडापाशी येईल अशी. आमच्यात एवढं बोलणं कधी झालेलं नव्हतं. मी विचारलं, "त्या खोलीत काय होतं गं?"

"आत माय होती. धूर होता. आज्जी मला जाऊ देईना. मनली, झोप, उठलीस की माय आन् बाळ दावते."

"मग?"

"मग मी झोपले." चादरीची कड ओढत म्हणाली, "उठले तर लय माणसं आलती."

पलीकडं कुणाची तरी थाळी पडली, ती फिरत फिरत थांबली. मुलगी दाराकडं बघत म्हणाली, "आता झोपत न्हाई मी."

"आता कोण जाणार आहे? आज्जी गावाकडं बरी आहे."

"हितं तूच हायस," ती म्हणाली.

ती हे अगदी साधं बोलली, जसं भाकरीत मीठ नाही म्हणावं तसं. मी उशी घेऊन नळावर गेले आणि तिथं उभी राहिले. इतके दिवस मला वाटत होतं की थोरली दारातून आत येते आहे आणि लेकरू तिला बघतं आहे. लेकरू तर माझी राखण करत होतं.

वास तर तसाच होता. ओवा, शेपा, भाजलेलं वेखंड. मी उशीला नाक लावलं आणि पहिल्यांदा मलाही ती खोली दिसली. आमच्या घरातली मागची खोली, जिच्यात आता ज्वारीची पोती असतात. शेगडी, बाज, दाराला लावलेलं कांबळं, आणि कांबळ्याच्या अलीकडं मांडीवर निजलेलं एक लेकरू.

सासूबाई दुसऱ्या दिवशी आल्या. मी उशी माझ्या पिशवीत घालून ठेवली होती, वरून कपडे घातले होते. बोलायचं धाडस नव्हतं. पण त्यांचा हात आधी मुलीच्या मानेखालीच गेला.

"उशी कुठाय?"

"तिला झोप येत नाही त्याच्यावर, आत्याबाई."

"झोप येत न्हाई? ववा-शेप्यावर लेकराला झोप येत न्हाई?"

"तो वास..." मी मुलीकडं बघितलं. ती खिडकीकडं तोंड करून पडली होती, पण ऐकत होती. मी पिशवी उचलून सासूबाईंना वऱ्हांड्यात नेलं आणि जमेल तसं सांगितलं. बाळंतिणीची खोली, धूर, तुम्ही झोप म्हणाला होतात, उठल्यावर माणसं. माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांना दोनदा विचारावं लागलं.

त्या एकदम ताठ झाल्या. "तुला तिचं काईच ठिवायचं न्हाई का? घरात न्हाई, आता लेकरात बी न्हाई?"

"तसं नाही आत्याबाई."

"त्या धुरीनं न्हाई मेली ती! रगत लय गेलं तिचं. डॉक्टरनीनं बी सांगितलं, रगत गेलं मनून. मी दार उघडंच ठिवलं होतं. धूर कोंडला नव्हता मी."

असं कुणीच म्हटलं नव्हतं. मी म्हटलं नव्हतं, मुलीनं म्हटलं नव्हतं. घरात कधी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. वऱ्हांड्यातून माणसं येत-जात होती, कुणी डबे घेऊन, कुणी सलाईनची बाटली धरून. सासूबाई बाकड्यावर बसल्या. त्यांचा हात माझ्या पिशवीत गेला, उशी बाहेर आली. त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि पदरानं झाकली, बाळाला झाकतात तशी.

"बाळ बी गेलं मागं," त्या म्हणाल्या. "पोरगा व्हता."

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण सरकून जागा दिली.

किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मग त्या उठल्या, उशी स्वतःच्या पिशवीच्या तळाशी घातली. वॉर्डात आल्या तेव्हा सिस्टरांची फेरी सुरू झाली होती. त्या आमची खाट सोडून पुढं चालल्या होत्या, रोजच्यासारख्या. मुलगी म्हणाली, "त्या पोरांना लावत्यात ते मला बी लाव की."

सिस्टर थांबल्या. त्यांनी आधी सासूबाईंकडं बघितलं.

"लाव बाई," सासूबाई म्हणाल्या. "मला इचारू नको."

सिस्टरांनी बोळ्यावर थेंब टाकला आणि आधी लांबून तिला हुंगू दिला. "बघ, आवडतो का. लॅव्हेंडर म्हणतात. जांभळी फुलं असतात, थंड मुलखातली. कशाचा वास वाटतो तुला?"

मुलीनं डोळे मिटून वास घेतला. बराच वेळ शोधत राहिली. मी घाबरून उभी. मग तिनं डोळे उघडले.

"कुणाचाच न्हाई."

सिस्टर हसल्या. "कुणाचाच नाही? अगं, फुलाचा आहे."

"आमच्याकडं नस्तंय ते फूल."

"नाही. तुमच्याकडं नसतं."

"मंग राहू दे," ती म्हणाली, आणि बोळा लावून घेतला.

ती लगेच झोपली असं नाही. मला ते सांगायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. दार बघत राहिली, मग छत, मग माझा हात. सासूबाईंची गाडी निघून गेली होती म्हणून त्यांना मालक न्यायला आले. त्यांनी जाताना नातीचा गाल कुरवाळला, पण झोप म्हणाल्या नाहीत. ते मी बघितलं. मी खाटेच्या दांड्याला टेकून बसले आणि माझ्या पदराचं टोक तिच्या मुठीत दिलं. मी उठले तर पदर ओढला जाईल आणि तिला कळेल, एवढंच माझ्या मनात होतं. तिला मी ते सांगितलं नाही. तिनं पदर दोन बोटांना गुंडाळला. वॉर्डात सगळीकडं तोच परका वास होता आणि त्या वासात खरंच कुणी नव्हतं. थोरली नव्हती. आमचं घर नव्हतं. मीसुद्धा तिथं कुणाची सवत नव्हते. ती झोपली तेव्हा तिची मूठ सैल झाली, आणि मी बाहेर जायची गरज असूनही तशीच बसून राहिले.

त्यानंतरही काही रात्री वाईट गेल्या. दुखणं होतं, डास होते, एकदा पलीकडच्या खोलीतलं लेकरू गेलं आणि त्याच्या आईच्या ओरडण्यानं सगळा वॉर्ड उठून बसला. त्या रात्री कुठल्याही तेलानं कुणी झोपलं नसतं. सिस्टरही बाटली घेऊन आल्या नाहीत, नुसत्या येऊन एकेका खाटेपाशी बसल्या. पण एकंदरीत ती झोपू लागली. पुढच्या फोटोत हाड जागेवर होतं. मग कंबरेपासून पायापर्यंत प्लास्टर घातलं आणि घरी जा म्हणाले.

निघताना सिस्टरांनी थोडेसे थेंब टाकलेला बोळा औषधाच्या रिकाम्या डबीत घालून दिला. "हा संपला की संपला," म्हणाल्या. "मग सवय लागलेली असेल."

घरी तिची खाट ओसरीत टाकली. प्लास्टरमुळं सासूबाईंच्या अंथरुणात तिला घेता येत नव्हतं, म्हणून मी खाटेशेजारी खाली निजू लागले. रात्री बोळा तिच्या उशाला. सकाळी मी तो उचलून पोलक्यात खोचायचे, नाहीतर कोंबड्या, वारा, कुठं जाईल सांगता येत नाही. दिवसभर तो माझ्या अंगाशी. भाकरी करताना, शेण काढताना, धुणं धुताना. रात्री परत तिच्या उशाला.

वास उतरत गेला. मला ते कळत होतं आणि धास्ती वाटत होती. परभणीत औषधाच्या दुकानात विचारलं तर ते म्हणाले मागवावं लागेल. मालक म्हणाले बघू.

एका दुपारी ती झोपायच्या आधी बोळा नाकाशी धरून पडली होती. सासूबाई उंबऱ्यात बसून तूर निवडत होत्या.

"मावशी, ह्याचा वास गेला."

"अगदी गेला?"

तिनं पुन्हा हुंगलं. "न्हाई. येतोय. पण त्यो न्हाई." मग म्हणाली, "तुजा यायलाय."

सासूबाईंचा सुपातला हात थांबला. त्यांनी वर बघितलं नाही.

मला आधी आनंद झाला. लपवण्यासारखं काही नाही, झाला. इतकी वर्षं त्या घरात राहून माझा म्हणून काही वास असेल असं मला वाटलंच नव्हतं. आणि तो आनंद संपायच्या आत मला भीती वाटली. सिस्टरांनी दिलेला वास कुणाचाच नव्हता म्हणून ती निवांत झोपली होती. आता तो कुणाचा तरी झाला. उद्या हाच वास तिला कुठल्या तरी खोलीत आणून उभं करील, आणि मी त्या खोलीत असेन की नसेन हे मला कुठं ठाऊक आहे. मी मनगट नाकाशी नेऊन हुंगलं. मला कांद्याचा वास आला, धुण्याच्या साबणाचा आला. तिला काय येत होतं ते मला आलं नाही.

"टाकून देऊ का?" मी विचारलं. "दुसरा आणू."

"नगं," ती म्हणाली आणि बोळा मुठीत धरून भिंतीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं तिचा श्वास लांब झाला. भरदुपारी, उघड्या ओसरीत, ती गाढ झोपली. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही की मी आहे का.

गोठ्यात म्हैस ओरडू लागली. पाणी दाखवायची वेळ झाली होती. सासूबाई मला हलक्या आवाजात म्हणाल्या, "ए पोरी, उठ की. म्हैस वरडायलीय."

मी हातानंच नाही म्हटलं.

त्यांना मी तोवर कधी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मुलीकडं. सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि कडी वाजणार नाही अशी बादली उचलून गोठ्याकडं गेल्या.